जागा ओळखायची, तर काय विसरायचे?

यंत्रमानव चाकांच्या फेऱ्यांवरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतो. पण चालता चालता बारीक चुका साचतात आणि नकाशा वाकडा होत जातो. आधी पाहिलेली जागा पुन्हा ओळखता आली, तरच तो सरळ करता येतो. जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पण खाणीत किंवा भूमिगत बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. तिथे कॅमेरा उपयोगी पडतो. मात्र प्रत्येक नवे चित्र हजारो जुन्या चित्रांशी बारकाईने ताडणे परवडत नाही. म्हणून चित्रातल्या ठळक खुणांची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची करतात आणि तीत शोध घेतात.

वेग मिळाला तरी धोका उरतोच. सारख्या खिडक्या, सारख्या भिंती दोन निराळ्या जागांना एकच भासवतात आणि एक खोटी ओळखही सगळा नकाशा बिघडवू शकते. ऑक्सफर्डच्या मार्क कमिन्स आणि पॉल न्यूमन यांच्या ‘फॅब-मॅप’ या पद्धतीने २००८ मध्ये यावर उपाय दिला: जी खूण जागोजागी दिसते तिला कमी महत्त्व, दुर्मीळ खुणेला जास्त. अंधारात खुणाच बदलतात, हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर ऑस्ट्रेलियातील मायकेल मिलफर्ड आणि गॉर्डन वायेथ यांनी २०१२ मध्ये सुट्या चित्राऐवजी चित्रांचा क्रम जुळवला. उन्हात पाहिलेला रस्ता वादळी रात्रीही ओळखता आला. म्हणूनच मला वाटते, यंत्रमानवाची स्मृती वाढवण्यापेक्षा तिला निवड शिकवणे अधिक मोलाचे आहे.