पाण्यात पाय न रोवता नदी ओलांडणारी कमान

भिलाईत राहतो, त्यामुळे आमच्याकडे गप्पा पोलादाच्या. आज मात्र काँक्रीटच्या कमानीबद्दल बोलू.

नोकरीत असताना सिलिगुडीहून हासीमाराकडे जाताना आमचा ताफा सेवकला तिस्ता ओलांडायचा. तिथला कॉरोनेशन पूल १९४१ साली पूर्ण झाला. बांधणारी गॅमन कंपनी आपल्या मुंबईची. नदी खोल, प्रवाह जोराचा. पात्रात आधार उभा करणं कठीण. पण दोन्ही काठांना खडक होता. म्हणून कमानीची दोन्ही टोकं त्या खडकातच पक्की केली.

कमान काम कशी करते? घरी करून बघा. प्लास्टिकची पट्टी दोन जाड पुस्तकांमध्ये वाकवून बसवा. वरून बोटाने दाबा, ती पेलते. आता पुस्तकं जरा बाहेर सरकवा. पट्टी लगेच बसते. आम्ही फौजी लोक टाकतो तो बेली पूल काठांवर नुसता टेकतो. त्याचं वजन सरळ खाली जातं. कमान मात्र काठांना बाहेरही रेटते. ती जितकी चपटी, तितका रेटा जास्त. म्हणून कमानीच्या पुलाची पहिली परीक्षा असते ती काठाच्या खडकाची.

काँक्रीट दाब छान सोसतं, ताणाला मात्र कच्चं. कमानीत बहुतेक दाबच येतो, म्हणून दोघांची जोडी जमते. पण जड ट्रक एका बाजूला आला की कमान थोडी वाकू पाहते. तो ताण घ्यायला आत लोखंडी सळ्या असतात.

खरी जोखीम बांधतानाची. दोन्ही अर्ध मधोमध जुळेपर्यंत ती कमान नसतेच. काठावरून पुढे आलेले ते दोन अधांतरी हात असतात. अमेरिकेत हूवर धरणाजवळ २०१० साली महामार्गाचा ३२३ मीटर गाळ्याचा काँक्रीट कमानीचा पूल सुरू झाला. तिथे दोन्ही हात तात्पुरत्या केबलींनी मागे ओढून धरले होते. कमान जुळल्यावरच केबली सोडल्या.

महाडचा सावित्री पूल आठवतो ना? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. तोही कमानींचाच, पण दगडी, आणि त्याचे खांब पाण्यात. अशा पुलाचा एक खांब ढळला की त्यावर रेलणाऱ्या शेजारच्या कमानीही धोक्यात येतात.

सेवकचा पूल आज ऐंशीच्या पुढे गेलाय. २०११ च्या भूकंपानंतर त्यावर जड वाहनांना बंधन आलं. डुआर्सकडे जाणाऱ्या रस्त्याचा तो गळा आहे, त्यामुळे ते बंधन पाळणं म्हणजे पुलाचं आयुष्य राखणं. फलकावर लिहिलेलं वजन हा सल्ला नसतो, हुकूम असतो. तुमच्या गावच्या जुन्या पुलावरही तसा फलक असेल. एकदा थांबून वाचा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.