वाड्यामागची बाग

पुण्याच्या जुन्या पेठांतून जाणाऱ्या वाटसरूस वाड्याचें बाहेरचें अंग तेवढें दिसतें. अलीकडे वारसास्थळांच्या पायी फेऱ्या निघूं लागल्या आहेत, व विश्रामबागवाड्याचा (१८०७) कोरीव दर्शनी भाग पाहावयास मंडळी हौसेनें जातात. परंतु घरच्या मंडळींचा निम्मा दिवस जेथें जाई, ती परसबाग रस्त्यावरून दिसत नाहीं. वाचकांनीं आज आमच्याबरोबर तेथवर यावें.

दिंडींतून आंत शिरलें कीं पहिला चौक लागे. तेथें सदर व येणाऱ्या-जाणाऱ्यांची ऊठबस. मागचा चौक कुटुंबाचा. त्याच्या भोंवतीं माजघर, देवघर व स्वयंपाकघर. तो ओलांडून मागलें दार उघडलें म्हणजे आड, तुळशीवृंदावन, गोठा आणि बाग दृष्टीस पडे.

या बागेंत प्रत्येक झाडाची जागा कामावरून ठरलेली असे. न्हाणीचें पाणी वाहून जाई त्या वाटेवर केळी, अळू व कर्दळी लावीत. शिकेकाईचें व राखेनें घासलेल्या भांड्यांचें तें पाणी झाडांस मानवे; आजच्या साबणचुऱ्याचें मानेलच असें नाहीं. प्राजक्त मात्र सारवलेल्या अंगणाच्या कडेला. जमिनीवर पडलेलें फूल देवास वाहूं नये, हा नियम प्राजक्तास नाहीं. पहाटे पडलेला सडा तसाच परडींत वेंचतां यावा, म्हणून ही सोय. खोकल्यास अडुळसा, पोटदुखीस ओवा आणि मंगळागौर, हरतालिका व गणपती यांच्या पत्रीपैकीं बरीचशी पानें दाराशींच मिळत.

हें सर्व पाण्यावर चाले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें शहरांत आणण्यांत आलें. तें शनिवारवाड्यास, सार्वजनिक हौदांस आणि कांहीं मोठ्या वाड्यांसही मिळे. इतरांची भिस्त आडावर, व रहाट ओढणाऱ्या घरच्या हातांवर. एकत्र कुटुंबांत एकीनें पाणी काढावें, दुसरीनें आळीं करावीं, मुलांनीं फुलें वेंचावीं, अशी कामाची वांटणी आपोआप होई.

ज्या स्त्रियांस रस्त्यावर पाऊल टाकण्याचा प्रसंग सणावारींच येई, त्यांच्या वांट्याचें मोकळें आकाश एवढेंच होतें. घरांतील विधवेस तर मनासारखें बसावयास दुसरी जागा नसे. याच परसाच्या टोकास मागल्या बोळाचें दार असे. मैला वाहणारा माणूस त्यानें येई आणि कोणाच्या नजरेस न पडतां निघून जाई. बागेची आठवण काढतांना हींही दोन माणसें आठवावींत, असें आम्हांस वाटतें.

पुढें काळ पालटला. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं. भाडेकरूंस आसरा मिळाला, पण डागडुजीचा खर्च मालकास झेपेना. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे पाण्याखालीं गेले. कुटुंबें विभागलीं, नळ घरांत आले, आड बुजले. आतां वाड्याच्या जागीं सदनिका उठतात तेव्हां परसाची जागा बहुधा मोटारींस जाते. फरशीखालीं गेलेल्या जमिनींत पावसाचें पाणी मुरत नाहीं, आणि शेजारचा आडही हळूहळू आटतो.

ज्यांचे वाडे अद्यापि उभे आहेत, त्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. वाडा पाडणें अटळ असेल तर बांधणाऱ्याशीं करार करतांनाच दोन खाटांएवढी तरी उघडी माती राखून ठेवावी व आड बुजवूं नये असें लिहून घ्यावें. कुऱ्हाड पडण्यापूर्वी प्राजक्ताचें बीं व अनंताच्या फांद्या कुंडींत लावाव्यात. आणि घरांतल्या सर्वांत वडील बाईंना परसांत नेऊन कोणतें झाड कोणीं व कशासाठीं लावलें हें विचारावें, व तें त्याच दिवशीं वहींत उतरून ठेवावें.