मिश्र जातीचा मोठा कुत्रा : स्वभाव व संगोपन

पांढुर्णा व सौंसर हा मुलूख संत्र्यांचा आणि कपाशीचा. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु जिल्हा बदलला तरी येथील शेतकऱ्याची चिंता तीच राहिली आहे. रात्री रानडुकरे शेतात शिरतात, दिवसा माकडे बागेवर उतरतात, आणि राखणीवाचून हाती काही लागत नाही. म्हणून येथे बाग तेथे कुत्रा हे ठरलेलेच आहे. अलीकडे मात्र या राखणदाराचे रूप पालटू लागले आहे. कोणी शहरातून अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर जातीचे पिलू आणतो, त्याचा गावठी कुत्रीशी संबंध येतो, आणि पुढे एक कान उभा व एक कान पडलेला, अंगाने थोराड, पायांनी उंच अशी संतती गावभर दिसू लागते. लोक तिला 'दोगला' म्हणून हिणवतात, आणि तिच्या धिप्पाड अंगाला भितातही. हा प्राणी खरोखर कसा असतो आणि त्याला कसे सांभाळावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'दोगला' या शब्दाचाच समाचार घेऊ. जगातील सारे पाळीव कुत्रे, मग ते मांजराएवढे असोत की वासराएवढे, एकाच प्राणिजातीचे आहेत; त्या सर्वांचा मूळ पूर्वज लांडगा होय. ज्यांना आपण 'शुद्ध' जाती म्हणतो, त्या निसर्गाने निर्माण केलेल्या नसून माणसाने निवडून जुळविलेल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक फार जुन्याही नाहीत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी लंडनची केनेल क्लब ही संस्था १८७३ साली स्थापन झाली. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो, तो जर्मन मेंढपाळांचा कुत्रा माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ पासून पद्धतशीरपणे जोपासला. आपल्याकडेही मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तेथील सडपातळ शिकारी कुत्र्यांची निगराणी करून त्यांना नाव मिळवून दिले. याउलट आपला गावठी कुत्रा कोणाच्याही निवडीवाचून, हजारो वर्षे ऊन, पाऊस, उपासमार व रोगराई सोसून टिकलेला आहे. कोकणी बोलीत कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'शुनक' शब्दावरून आलेला आहे. ज्याचे नावच इतके जुने, त्याचे कूळ हलके कसे मानावे? तेव्हा गावठी रक्त मिसळले म्हणजे कुत्रा बाटला, ही समजूत निराधार आहे. उलट, शुद्ध जातींत जवळच्या नात्यातील संकरामुळे जे आनुवंशिक दोष साचतात, ते मिश्र जातीत पुष्कळदा कमी आढळतात. तथापि ते मुळीच नसतात असे नव्हे. मोठ्या बांध्याच्या कुत्र्यांत मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष मिश्र जातीतही येऊ शकतो.

अशा कुत्र्याचे वजन साधारणतः पंचवीस ते पस्तीस किलो भरते आणि खांद्यापाशी उंची सुमारे दोन फूट असते. त्याची वाढ सावकाश होते. अंगाने तो सव्वा ते दीड वर्षात पूर्ण होतो. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत दुधाचे अठ्ठावीस दात पडून त्याला बेचाळीस पक्के दात येतात. या काळात तो जोडे, दोऱ्या, दाराच्या चौकटी, जे सापडेल ते चावतो. हा त्याचा खोडसाळपणा नसून हिरड्यांची सळसळ असते. याच काळात पुष्कळ घरांचा धीर सुटतो. पिलू लहान असताना ज्याला मांडीवर घेतले, तोच कुत्रा वर्षाच्या आत दाराबाहेर जातो आणि कोठेतरी दूरच्या रस्त्यावर सोडून दिला जातो. असा कुत्रा गावठी कुत्र्याप्रमाणे आपले पोट भरण्यास शिकलेला नसतो, आणि त्याच्या आकारामुळे त्याला कोणी जवळही करत नाही.

आता स्वभावाकडे वळू. अल्सेशियनचे रक्त म्हणजे कुत्रा तापट आणि लॅब्रॅडॉरचे म्हणजे गरीब, असा हिशेब लोक करतात. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून मिळविली आणि त्यांपैकी दोन हजारांवर कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी केली. कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे नऊ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. आनुवंशाचा वाटा मुळीच नाही असा याचा अर्थ नव्हे. परंतु कातडीचा रंग आणि कानांची ठेवण पाहून एखाद्या कुत्र्याचे भविष्य वर्तविता येत नाही, एवढे यावरून निश्चित होते. मग स्वभाव घडतो कशाने? पुष्कळ अंशी तो वाढविणाऱ्याच्या हातून घडतो.

या घडणीचा सर्वांत मोलाचा काळ म्हणजे पिलाच्या वयाचा तिसऱ्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ होय. या दिवसांत पिलू जे पाहते, हुंगते आणि ऐकते, ते त्याला जन्मभर ओळखीचे वाटते; जे कधीच पाहत नाही, त्याची त्याला पुढे भीती वाटते. आणि भ्यालेला मोठा कुत्राच बहुधा चावतो. म्हणून त्याला या वयात बैलगाडी, सायकल, छत्री, काठी टेकीत चालणारा म्हातारा, पाळण्यातले मूल, बाजारचा गलबला, हे सारे हळूहळू आणि प्रेमाने दाखवावे. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांत त्याला मिसळू देऊ नये. कडेवर घेऊन हिंडवावे. त्याला दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये, कारण चावा किती जोरात घ्यावा हे पिलू आपल्या भावंडांशी खेळतानाच शिकते.

कुत्र्याला वाणी नाही, पण भाषा आहे. शेपूट हलली म्हणजे तो आनंदलाच, असे समजू नये. अंग सैल असून शेपूट हलत असेल तर स्नेह जाणावा. अंग ताठ, शेपूट उंच आणि नजर रोखलेली असेल तर दूर राहावे. वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरविणे ही त्याच्या अस्वस्थतेची चिन्हे होत. गुरगुरणे ही तर सरळ सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणारा माणूस त्याला सूचना न देता चावण्यास शिकवीत असतो. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याला, तो घरचा असला तरी, मुलांनी हात लावू नये.

यानंतर साखळीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. दिवसभर बांधून ठेवला म्हणजे कुत्रा 'तिखट' होतो आणि राखण चांगली करतो, अशी समजूत गावोगाव आढळते. वस्तुतः बांधलेल्या कुत्र्याला पळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तो धावून जातो. हे शौर्य नव्हे, ही कोंडी आहे. शत्रू आणि शेजारचे मूल यांतील भेद अशा कुत्र्याला कळेनासा होतो, आणि एखाद्या दिवशी कडी निसटली म्हणजे अनर्थ ओढवतो. मग लोक म्हणतात, दोगल्याची जातच वाईट! आपल्या देशातील १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. जनावरास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, हे दोन्ही त्यात अपराध मानले आहेत. मोठ्या कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तासभर चालणे, धावणे अवश्य आहे. जो घरच्या माणसांत वावरतो, तोच परका कोण हे ओळखतो. म्हणून खरा राखणदार मोकळ्या अंगणातच तयार होतो.

आहाराविषयी थोडे सांगणे जरूर आहे. ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर कुत्रा जगतो, पण पोसला जात नाही. त्याला अंडी, मांस किंवा मासळी यांसारखा कसदार आहार हवा. शाकाहारी घरी पशुवैद्याला विचारूनच त्याची योजना करावी. पिलाला दिवसातून तीन-चार वेळा आणि मोठ्या कुत्र्याला दोन वेळा अन्न द्यावे. थोराड पिलाची हाडे मजबूत व्हावीत म्हणून काहीजण त्याला कॅल्शियमची औषधे मनाने पाजतात. मोठ्या जातीत त्यामुळे हाडे उलट वाकडी होण्याचा संभव असतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ त्याला विषासमान आहेत. शिजविलेले हाड देऊ नये. ते काचेसारखे फुटून आतडे कापते. भरपोट जेवणानंतर त्याला लगेच पळवू नये, कारण खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून जठराला पीळ पडतो आणि काही तासांत प्राण जातो.

आपल्या भागातील उन्हाळा हा या कुत्र्याचा मोठा शत्रू होय. वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय. म्हणून त्याला पहाटे किंवा दिवस मावळल्यानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात क्षणभर ठेवून पाहावा. तो आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. टिनाच्या छपराखाली त्याला कोंडू नये, आणि सावलीत पाण्याची घमेली सदैव भरलेली असावी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान एकशे एक ते एकशे अडीच अंश फॅरनहाइट असते. उन्हात तो भेलकांडू लागला, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तर त्याला तत्काळ सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. बागेत व कपाशीत फवारणी चालू असताना त्याला तिकडे फिरकू देऊ नये. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात कुत्र्याला पाणी ठेवणे म्हणजे त्याला हाताने विष पाजणे होय. पावसाळ्यात कानांत व पायांच्या बोटांमध्ये गोचिड्या होतात. त्यांच्यापासून रक्ताचा घातक ताप येतो, म्हणून त्या रोज पाहून काढाव्यात.

रोगांपैकी डिस्टेंपर आणि पार्वो हे दोन रोग पिलांचा संहार करतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून चौथा महिना पुरा होईपर्यंत ठराविक अंतराने लसी टोचल्या म्हणजे ते टळतात. डिस्टेंपरचा उपद्रव गावापुरता राहत नाही. २०१८ साली गीरच्या अरण्यात सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचे विषाणू सापडले. आपल्या शेतांनाही रान लागून आहे, हे विसरू नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुन्हा वर्षाने आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. तथापि वेळीच लस घेतल्यास तो रोग टळतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस टोचविली आणि तो मुलगा वाचला. म्हणून कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला अथवा ओरखडले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर मिरची, चुना, हळद असे काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवितात. घरात रागे भरणारे कोणी असले, तरी हे मात्र लपवू नये.

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांनी विते, आणि मोठ्या बांध्याची असल्यास एका वेळी सहा-आठ पिले देते. इतक्या पिलांना घरे मिळत नाहीत. तेव्हा योग्य वयात नर-मादीची शस्त्रक्रिया करून घेणे ही निर्दयता नव्हे. नको असलेली पिले पोत्यात घालून नदीकाठी टाकणे ही निर्दयता होय.

आपल्या परंपरेने कुत्र्याला दूर लोटलेले नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि महाभारतात धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. असे असूनही व्यवहार निराळा दिसतो. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरवितो. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते; तिचा दिवस निदान ठरलेला आहे. कुत्र्यावर दगड भिरकावण्यास मात्र वर्षातला कोणताही दिवस चालतो, आणि त्याच्या कौतुकाचा दिवस आपल्या पंचांगात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मोठा कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. तुम्ही पाचवीत असताना पिलू आणले, तर तुमचे शिक्षण संपून तुम्ही कामाधंद्याला लागेपर्यंत ते तुमच्या दारात असणार. म्हणून पिलू उचलण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांसमवेत बसून काही प्रश्नांची उत्तरे द्या : त्याला रोज फिरविणार कोण? त्याच्या अन्नाचा व लसींचा खर्च घराला झेपेल काय? उन्हाळ्यात सावलीची जागा आहे काय? परगावी जाताना त्याला कोणाकडे ठेवणार? म्हातारपणी त्याचे पाय गळाले, तर त्याला उचलून बाहेर नेणारे कोणी आहे काय? उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल आणा; कुळाची चौकशी करीत बसू नका. नसतील, तर आणू नका, आणि गल्लीतल्या कुत्र्याला पाण्याचे एक भांडे ठेवा. तेही थोडे नव्हे.