अण्णा आणि वहिनी : एका श्रावक दांपत्याचा संसार

गृहस्थाश्रम हा श्रावकधर्माचा आधार मानला गेला आहे. मुनींचा आहार, मंदिराची पूजा, पाठशाळेचा खर्च आणि आल्यागेल्याचे आदरातिथ्य हे सारे शेवटी गृहस्थाच्या चुलीवर आणि तिजोरीवर चालते. म्हणूनच विवाह हा आपल्याकडे केवळ आनंदाचा सोहळा नसून दोघांनी मिळून धर्म चालविण्याचा संकल्प आहे. पत्नीला सहधर्मचारिणी म्हणतात ते ह्याच अर्थाने. तथापि हा शब्द उच्चारण्यास जितका सोपा, तितका तो संसारात उतरविणे सोपे नाही. पतीने घेतलेल्या व्रतासाठी पत्नीने काय सोडावे, आणि ते सोडण्यापूर्वी तिला कोणी विचारले काय, हे प्रश्न प्रत्येक पिढीतील तरुण दांपत्यापुढे नव्याने उभे राहतात.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस पसरलेला माण तालुका हा पर्जन्यछायेचा, पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारा प्रदेश. दहिवडी आणि म्हसवड येथील पेठांत आपल्या समाजाची घरे आहेत, दुकाने आहेत. ह्या घरांतील मुले-मुली दहिवडी कॉलेजात जातात, तेव्हा त्यांच्या शेजारच्या बाकावर कोरडवाहू शेतकऱ्याचा, मेंढपाळाचा, मजुराचा मुलगा बसलेला असतो. हे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. ह्या वटवृक्षाची पहिली मुळे एका तरुण जैन दांपत्याच्या घरात रुजली, ह्याचे स्मरण आपल्याही घरांतून क्वचितच होते. पती कर्मवीर भाऊराव पाटील सर्वांना ठाऊक आहेत. पत्नी लक्ष्मीबाईंची ओळख मात्र बहुधा एका मंगळसूत्राच्या कथेपुरतीच उरली आहे.

कुंभोजचा संबंध

जैन म्हणजे व्यापारी, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी कोल्हापूर-सांगली भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा जैन समाज मोठा आहे. भाऊराव अशाच पाटील घराण्यातले. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. जन्म मात्र कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, २२ सप्टेंबर १८८७ रोजी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यातील हे गाव. लक्ष्मीबाईही कुंभोजच्याच, सुखवस्तू आणि आचारनिष्ठ पाटील घराण्यातल्या. माहेरचे त्यांचे नाव आदक्का. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या बालवयातच सासरी आल्या.

वराची कीर्ती मात्र त्या काळच्या वधूपित्याला निश्चिंत करणारी नव्हती. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असताना भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर स्नान केल्याविना भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि वसतिगृह सोडले. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही पूर्ण झाले नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी आपला चरितार्थ सुरू केला.

सत्यव्रताची परीक्षा

१९१४ साली ह्या तरुण संसारावर मोठे संकट आले. कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात जैन समाजाचे विद्वान पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आला. त्यांनी नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. तेथील छळ इतका असह्य होता की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत सत्य हे दुसरे व्रत. बाजारपेठेत आपण ते मापात, भावात आणि वायद्यात पाळतो. येथे त्याची किंमत पतीचे स्वातंत्र्य आणि पत्नीची झोप अशी दुहेरी होती. पती तुरुंगात असताना त्या कोवळ्या वयातील स्त्रीने काय भोगले, ह्याचा तपशील इतिहासाने जपलेला नाही. व्रत घेणाऱ्याचे नाव नोंदले जाते आणि ते निभावून नेणाऱ्या घराचे बहुधा राहून जाते.

सुटकेनंतर भाऊरावांनी किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले. गावोगाव हिंडताना शेतकऱ्याचे अज्ञान आणि कर्जबाजारीपणा त्यांना जवळून दिसला. मनाशी ठरलेले काम आता आकार घेऊ लागले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. ह्या टप्प्यावर पतीचे कार्य उंबरठा ओलांडून थेट पत्नीच्या स्वयंपाकघरात आले.

सोवळ्याचा प्रश्न

आजच्या वाचकाला ह्यातील कठीण भाग कोणता, हे चटकन उमगणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या जैन गृहिणीचे स्वयंपाकघर हे तिचे देवघरच असे. गाळलेले पाणी, निवडलेले धान्य, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळांचा त्याग, आणि ह्या सर्वांभोवती सोवळ्याचे कडक कुंपण. लक्ष्मीबाई ह्याच संस्कारांत वाढल्या होत्या. महार, मांग, मुसलमान, मराठा, जैन अशी सर्व मुले एका पंगतीला बसवायची, ही कल्पना त्यांना आरंभी जड गेली, असेच सांगितले जाते. त्यात नवल नाही आणि कमीपणाही नाही. जिला आपल्या धर्माची चाड आहे तिलाच असा संकोच वाटतो.

परंतु धर्माची चाड असलेल्या माणसालाच पुढचा प्रश्नही पडतो. गाळलेले पाणी अहिंसेसाठी आहे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन अहिंसेसाठी आहे. माणसाने माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानणे कोणत्या जीवाच्या रक्षणासाठी आहे? भगवान महावीरांच्या समवसरणात देव, मनुष्य आणि पशू ह्या सर्वांना स्थान होते, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लक्ष्मीबाईंनी ह्या विषयावर कधी व्याख्यान दिले नाही. त्यांनी हळूहळू व्रत आणि विटाळ ह्यांतील भेद ओळखला. व्रत त्यांचे राहिले, विटाळ गळून पडला. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणू लागली, भाऊराव सर्वांचे ‘अण्णा’ झाले आणि ह्या दोन नात्यांनी वसतिगृहाला घराचे रूप दिले.

धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहात मुले स्वतः राबत, शेतात काम करीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र शिजवतात आणि जेवतात, हे गांधीजींनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. त्या पंगतीमागे वहिनींचा उंबरठा उघडा होता, म्हणूनच ते घडले.

सोन्याचा हिशेब

अण्णा धान्य आणि वर्गणी गोळा करण्यासाठी सतत दौऱ्यावर असत. घरी उरत वहिनी आणि भुकेची मुले. माहेर-सासरचे बरेच सोने त्यांच्या अंगावर होते. एकेक दागिना धान्याच्या पोत्यांत रूपांतरित होत गेला. अखेरीस असा एक दिवस आला की कोठीत दाणा नव्हता, अण्णा गावी नव्हते आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्यावर धान्य आणविले.

ही कथा आपण त्यागाची कथा म्हणून ऐकतो आणि डोळे टिपतो. व्यापारी घरांनी ती अधिक बारकाईने वाचावी. सोने म्हणजे काय, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. माणदेश, आटपाडी, खानापूर ह्या भागांतील गलाई कारागीर तर सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. त्या काळी स्त्रीच्या नावे जमीन नसे, पेढीवर खाते नसे. अंगावरचे सोने हीच तिची एकमेव स्वतंत्र मालमत्ता, म्हातारपणाचा आधार आणि चारचौघांतील पत असे. लग्नकार्यात, मंदिराच्या महोत्सवात, हळदीकुंकवात तिला जी मान्यता मिळे ती बरीचशी ह्या सोन्यावर तोलली जाई. वहिनींनी दिले ते सारे भांडवल होते, शिल्लक राहिलेले नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी अण्णा घरी नव्हते. मंगळसूत्र पतीच्या आज्ञेने उतरले नाही. वहिनींनी तो निर्णय स्वतः घेतला. सौभाग्याचे चिन्ह गळ्यातून काढणे अशुभ मानणाऱ्या समाजात वाढलेल्या स्त्रीने ते परक्या मुलांच्या जेवणासाठी काढले, तेव्हा ती पतीच्या मागून चालणारी राहिली नव्हती. सहधर्मचारिणी ह्या शब्दाला त्या दिवशी खरा अर्थ आला.

दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी आपण उत्तम त्यागाचे आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्याचे पूजन करतो. त्याग म्हणजे देणे, आकिंचन्य म्हणजे ‘माझे काही नाही’ ही वृत्ती. वहिनींच्या जीवनात हे दोन दिवस एकामागून एक आले आणि मग मावळलेच नाहीत.

१९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. वय उतरणीचे नव्हते. संस्थेचे मोठेपण त्यांनी पाहिले नाही. पुण्यातील युनियन बोर्डिंग १९३२ चे, साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे, कराडचे सद्‌गुरु गाडगे महाराज कॉलेज १९५४ चे. अण्णा त्यांच्यामागे २९ वर्षे जगले आणि ९ मे १९५९ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या झाडाला वहिनींनी पाणी घातले त्याच्या सावलीत बसणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या पोटच्या मुलांच्या वाट्याला येऊ शकली असती ती आई आणि ते सोनेही पुष्कळ अंशी इतरांच्या मुलांत वाटले गेले. हा हिशेब सुखाचा नाही, आणि तो सुखाचा आहे असे भासविणे वहिनींवर अन्याय करण्यासारखे होईल.

आजच्या तरुण दांपत्यांसाठी

मग आजच्या तरुण श्रावक-श्राविकांनी ह्या संसारातून काय घ्यावे? सर्वस्व द्या, असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. शास्त्रानेही श्रावकाला महाव्रत सांगितलेले नाही. त्याला अणुव्रतच सांगितले आहे, परिग्रहाचे परिमाण करावयास सांगितले आहे. आपल्या परंपरेने दानाचे चार प्रकार मानले आहेत : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. वहिनींच्या घरात हे चारही एकाच ठिकाणी नांदत होते. ताट वाढले गेले ते आहारदान. आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे औषधदान. शिकण्यासाठी दिलेला आसरा हे ज्ञानदान. आणि ज्या मुलाला गावच्या पाणवठ्यावर हुसकावले जाई त्याला पंगतीत निर्भयपणे बसता येणे, ह्याहून मोठे अभयदान ते कोणते?

आज आपल्या घरांत विवाह होतात, वास्तुशांत होते, वर्षीतपाची पारणी होतात, आणि ह्या प्रत्येक प्रसंगी खर्चाचे आकडे वाढत आहेत. ह्या आकड्यांचा निर्णय बहुधा वडीलधारे घेतात. नवपरिणीत दांपत्याला विचारले जात नाही, आणि सुनेला तर नाहीच. माणसारख्या दुष्काळी भागात फी आणि एस.टी.च्या पासाअभावी एखाद्या हुशार मुलीचे कॉलेज अर्ध्यावर सुटते. तिचे वर्षभराचे शिक्षण आपल्या एका पंगतीतील एका पक्वान्नाच्या खर्चात होऊ शकते. हे गणित कोणत्याही व्यापारी घराला कागद-पेन्सिल न घेताही करता येईल.

दिवाळीला, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपल्या पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. श्री लिहिले जाते, लाभ-शुभ लिहिले जाते. त्या वहीचे पहिले पान भरण्यापूर्वी पती-पत्नींनी क्षणभर एकत्र बसावे आणि येत्या वर्षात आपल्या घरातून कोणाच्या ताटात काय पडेल, कोणाच्या हातात कोणते पुस्तक जाईल, ह्याची एक ओळ दोघांच्या संमतीने लिहावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ओळ मात्र दोघांनी मिळून ठरविलेली असावी, आणि ती लिहिताना लेखणी सुनेच्या हाती द्यावी.