प्रेमकथा आणि अपंग तरुण

विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे फुलपाडा आहे. येथील पुष्कळ तरुण वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली भागांतील कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जातात. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाळ्यात प्रेसवर काम करणाऱ्या मुलाची उजव्या हाताची तीन बोटे गेली. भरपाईचा दावा आम्ही चालविला. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती घटली, याचे त्यात कोष्टकच होते. एका हाताची तीन बोटे गेली तर 30 टक्के, चार गेली तर 50 टक्के. भरपाई मिळाली. परंतु मुलाचे ठरलेले लग्न मोडले, त्याचा आकडा त्या कोष्टकात कोठेच नव्हता.

पुढे तो संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येऊन बसू लागला. तेथे कपाटभर पुस्तके आहेत. आम्हांसही शाळा सातवीपर्यंतच लाभली. बाकीचे शिक्षण त्या कपाटाने आणि लोकलच्या प्रवासाने केले. एके दिवशी त्याने विचारले, "काका, ह्या प्रेमाच्या गोष्टींत माझ्यासारखा कोणी असतो का? असला तर शेवटी त्याचे काय होते?"

प्रश्न साधा होता. उत्तरासाठी आम्हांस बरेच धुंडाळावे लागले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आम्हांस असे आढळले की, लेखक अपंग नायकाला बहुधा दोन वाटांनी गोष्टीबाहेर काढतो. पहिली वाट बरे करण्याची. शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी 1847 ची. तीतील नायक आगीत एक हात व दृष्टी गमावतो. जेन परत येते ती स्वतःच्या मर्जीने, आणि आता ती पैशानेही स्वतंत्र असते. हा भाग फार मोलाचा आहे. तरीही शेवटी नायकाच्या एका डोळ्याला थोडे दिसू लागते. दृष्टी परत आल्यावाचून सुख पुरे होत नाही, असे जणू लेखिकेला वाटले.

दुसरी वाट मरणाची. जोजो मॉइस यांच्या 2012 च्या ‘मी बिफोर यू’ या कादंबरीत अपघाताने पांगळा झालेला श्रीमंत तरुण प्रेम मिळूनही मरण पत्करतो. 2016 साली तिच्यावरून चित्रपट निघाला, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील अपंग कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध केला. आमच्यासारखे जगणे मरणाहून वाईट, असे तरुण प्रेक्षकांना का शिकविता, असा त्यांचा सवाल होता. त्याच 2012 सालची जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही खास तरुणांसाठी लिहिलेली कादंबरी. तिच्यावरून आपल्याकडे 2020 साली ‘दिल बेचारा’ हा चित्रपट आला. कादंबरीतील मुलाचा एक पाय कर्करोगाने गेलेला आहे, मुलगी प्राणवायूची नळी लावून हिंडते. दोघे थट्टा करतात, भांडतात, पुस्तकावर वाद घालतात. इतके मोकळे चित्र क्वचित दिसते. पण अखेर तेथेही मरण आहेच.

मग तिसरी वाट आहे की नाही? आहे, आणि ती दाखविली एका मराठी लेखिकेने. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ हा हिंदी चित्रपट 1980 साली प्रदर्शित झाला. अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध आणि विधवा कविता यांचे लग्न ठरते आणि मोडते. मोडतो तो अनिरुद्धच. ही बाई आपल्यावर प्रेम करते की त्यागाचे पुण्य जोडते, हा संशय त्याला खातो. चित्रपटात त्याला दृष्टी येत नाही, मरणही येत नाही. तो रागीट आहे, हट्टी आहे, चुकतो. म्हणजे माणूस आहे.

येथे आमच्या चळवळीतला दाखला देतो. मालकाने खूश होऊन दिलेले बक्षीस आणि कामाचा पगार, दोन्ही पैसेच; परंतु बक्षीस घेताना मान खाली जाते, पगार घेताना जात नाही. दया आणि प्रेम यांतील भेद असाच आहे. अपंग नायकाची गोष्ट वाचताना आम्ही आता तीन प्रश्न विचारतो. तो पोटासाठी काय करतो? त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे काय? तो चुकू शकतो काय? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर ती गोष्ट खरी.

हे नुसते वाङ्मयाचे प्रकरण आहे, असे कोणी समजू नये. 2019 साली कायदे बदलेपर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे आपल्या विवाहकायद्यांत घटस्फोटाचे कारण होते. उलट वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1949 साली वसविलेल्या आनंदवनात बरे झालेल्या रोग्यांनी लग्ने केली, संसार थाटले. कायद्याला जे सत्तर वर्षांनी उमगले, ते त्या माणसांनी आधीच जगून दाखविले.

आणखी एक गोष्ट. प्रेमकथा वाचण्याची ओढ अंध मुलीलाही असते. भारती ब्रेल लिपी 1951 साली ठरली. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 साली निघाले. 2012 पासून अपंगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करण्यास कायद्याने मुभा दिली आहे. मुभा आहे, तेव्हा काम आपले आहे. तरुणांच्या किती मराठी कादंबऱ्या आपल्या गावच्या वाचनालयात ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित मिळतात, हे प्रत्येकाने एकदा जाऊन विचारावे.

तो मुलगा आता दुसऱ्या एका गाळ्यात माल तपासण्याचे काम करतो. लग्न अद्याप जमलेले नाही. हे सारे आम्ही त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "काका, गोष्टीत माझी बोटे परत आणू नका म्हणावे. चहाचा कप मी डाव्या हाताने धरला आणि तिने नजर वळवली नाही, एवढे लिहिले तरी चालेल."

या सभेत लिहिणारे तरुण-तरुणी बसले आहेत. त्याची मागणी आम्ही त्यांच्याकडे पोहोचविली आहे.