गाडीचे वजन कुठे असते?

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघावे, भुगाव-भुकूम मागे टाकावे, की पिरंगुटजवळ उजव्या हाताला लवळ्याचा फाटा लागतो. लवळ्याला आता विद्यापीठे आली आहेत, डोंगरमाथ्यापर्यंत डांबरी सडकही गेली आहे. पण सडक सोडून शंभर पावले आत शिरलात, की उन्हाळ्यात सुटा मुरूम, पावसाळ्यात भातखाचरांचा चिखल आणि मधूनच डोके वर काढणारा काळा खडक, असा सगळा मामला. अशा वाटांसाठी जी मोटारसायकल मुद्दाम बनवतात तिला ट्रेल जातीची गाडी म्हणतात. ट्रेल म्हणजे पायवाट. आमच्या महाविद्यालयातली मुले मला विचारतात, "सर, यातली कोणती घेऊ?" आणि उत्तराची वाट न पाहता इंजिनाच्या ताकदीचे आकडे सांगू लागतात. मी त्यांना उलट विचारतो, "आडवी पडली तर एकट्याला उचलेल का?"

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवलेला नाही. दोन वर्षांमागे मे महिन्यात एका स्नेह्याची जवळजवळ दोनशे किलोची गाडी घेऊन मी लवळ्याजवळच्या एका कच्च्या चढाला लागलो होतो. वेग म्हणाल तर काहीच नव्हता. वळणावर थबकलो, डावा पाय टेकायला गेलो, तर पायाखालची जमीन चांगली वीतभर खाली! गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे माझ्या अंगावर कलली आणि घोटा तिच्याखाली सापडला. पाव तास तसाच पडून होतो. शेवटी दुधाचे कॅन लावलेल्या लहानशा मोपेडवरून एक गृहस्थ आले, त्यांनी पाय सोडवला आणि म्हणाले, "काय वो पाव्हणं, येवढं धूड कशाला आणायचं डोंगरात?"

आधी आकडे पाहू. हिरो कंपनीची २०११ सालची इम्पल्स १३४ किलोची होती. त्याच कंपनीची २०१९ ची एक्सपल्स २०० ही १५४ किलोची. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली आली. तिची २०२० ची आवृत्ती १९९ किलोची, आणि २०२३ ची नवी ४५० सीसीची १९६ किलोची. कावासाकीची केएलएक्स २३० आपल्याकडे २०२४ च्या अखेरीस आली, ती १३९ किलो. हे आकडे वाचताना एक सावधगिरी ठेवावी. काही पत्रकांत पेट्रोल आणि तेल वगळून कोरडे वजन छापलेले असते. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरते. पंधरा लिटरची टाकी म्हणजे अकरा किलो, आणि तेही नेमके गाडीच्या माथ्यावर.

पण किलो हा झाला तराजूचा हिशेब. तराजूवर गाडी सरळ उभी असते, आणि सरळ उभ्या गाडीचे वजन आपल्याला जाणवतच नाही, कारण ते सगळे चाकांतून जमिनीत उतरते. जाणवते ते कलल्यावर. गाडीचा गुरुत्वमध्य जमीन आणि हँडल यांच्या साधारण मध्यावर आहे असे धरू. मग १९९ किलोची उभी गाडी दहा अंश कलली, की तिला तोलून धरायला हँडलपाशी सतरा किलोंचा जोर लागतो. वीस अंशांवर तो चौतीस होतो, तीस अंशांवर पन्नास. म्हणजे धान्याचे एक पोते झाले! तिथे हात हार मानतात. केएलएक्ससारख्या १३९ किलोच्या गाडीला हेच जोर बारा, चोवीस आणि पस्तीस असे पडतात.

मग हलकी ती बरी, असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे नाही. केएलएक्सची बैठक जमिनीपासून ८८० मिलिमीटर उंच आहे, हिमालयनची ८००. आपल्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाचा पाय उंच गाडीवरून उशिरा टेकतो. समजा, जड पण बुटकी गाडी तुम्ही दहा अंशांवरच पायाने सावरलीत, आणि हलकी पण उंच गाडी वीस अंशांपर्यंत जाऊ दिलीत. तर पहिलीला सतरा किलो लागतील आणि दुसरीला चोवीस! उंचीने हलकेपणा खाऊन टाकला. सपाट जागी वजनदार गाडीही गरीब गाय वाटते, ती यामुळे. घोटाळा होतो डोंगरात, कारण तिथे पायाखालची जमीन पायाच्या हिशेबाने नसते. जमीन वीतभर खाली गेली की दहाचे पंचवीस-तीस अंश व्हायला वेळ लागत नाही, आणि तिथे किलोचा हिशेब पुन्हा पुढे येतो. माझ्या घोट्याला हे त्रिकोणमितीआधी कळले.

त्या दूधवाल्या गृहस्थांची मोपेड नव्वद किलोच्या आतली असावी. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे भरलेले कॅन धरले तर सगळा भार पावणेदोनशे किलोंच्या घरात गेला. तरी तो माणूस चिखलातून खुशाल जातो. बैठक बुटकी, दोन्ही तळपाय जमिनीला, भार दोहीकडे सारखा. गाडी पाच अंश कलायच्या आत पायाने सावरलेली. पण खडकाळ वाटेवर तिचे लहान चाक अडखळते आणि पोट दगडाला घासते. ट्रेलच्या गाडीला पुढे २१ इंची चाक देतात ते त्यासाठी. मोठे चाक दगडाला कमी तिरक्या कोनात भिडते आणि त्यावर चढून जाते. पोटाखाली मोकळी जागाही हवी. एक्सपल्समध्ये ती २२० मिलिमीटर होती. पण पोट उचलले की बैठक उचलली जाते, बैठक उचलली की पाय लोंबकळतात. गाडी रचणाऱ्याची सारी ओढाताण इथे आहे, आणि म्हणून पत्रक चाळताना मी वजनाच्या ओळीबरोबर बैठकीच्या उंचीची ओळही बोट ठेवून वाचतो.

चालत्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. खडबडीत वाटेवर जाणकार स्वार पायटांवर उभा राहतो. त्याचा भार मग बैठकीऐवजी पायांतून गाडीवर उतरतो, गाडी खाली हवी तशी डुलते आणि स्वार वर स्थिर राहतो. मुरुमाच्या उतारावर मात्र हलकेपणाचा फारसा भरवसा धरू नये. खडे गोट्यांसारखे घरंगळतात, आणि पुढचा ब्रेक दाबला की हलकी काय नि जड काय, दोघीही सारख्याच घसरतात. तिथे पहिला गिअर टाकून इंजिनालाच गाडी आवरू द्यावी.

आडवी पडलेली गाडी उचलायला सुरुवातीला तिच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी जोर लागतो. १९९ किलोच्या गाडीला नव्वदच्या आसपास, १३९ च्या गाडीला साठ-पासष्ट. उतारावर चाके वरच्या बाजूला आणि हँडल खाली असे पडले तर याहून कठीण. त्या गृहस्थांनी माझा पाय सोडवल्यावर लगेच गाडी उचलायचा खटाटोप केला नाही. मागचे चाक धरून आधी ती जमिनीवरच फिरवली, चाके उताराकडे आणली, गिअरमध्ये टाकली, मग तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांच्या बळावर उभी केली.

तेव्हापासून विचारायला आलेल्या मुलांना मी एवढेच सांगतो, की मित्राची तशी गाडी मैदानात न्या, जुन्या गादीवर अलगद आडवी करा, आणि एकट्याने तीनदा उचलून पाहा. पहिल्यांदा सगळेच उचलतात. तिसऱ्यांदा काय होते ते बघून मग दुकानात जा.