दिव्यांग बाईचं स्वतंत्र जगणं आणि आपली ग्रामसभा



गटाची बैठक असली की आपण हजेरी घेतो. पण जिचं नावच गटाच्या वहीत नाही, तिची हजेरी कोण घेणार? कुणाच्या घरी पोलिओनं पाय अधू झालेली नणंद असते, कुणाची लेक ऐकू न येणारी, कुणाची सासू नजर गेलेली. "तिला कशाला तरास," असं म्हणून आपणच तिला वसरीवर बसवून येतो. आज तिच्या हक्काचं बोलू.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग माणसं मोजली गेली. आणि हे जन्माचंच असतं असं नाही, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. जवळपास १० हजार माणसं गेली. वाचलेल्यांत कितीतरी जणांचे हातपाय, पाठीचा कणा कायमचा निकामी झाला. आदल्या रात्री भाकरी थापणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवसापासून उठून बसायलाही दुसऱ्याचा हात लागू लागला.

अशा बाईनं स्वतंत्र जगायचं म्हणजे काय? सगळी कामं स्वतःच्या हातानं करायची, असा त्याचा अर्थ नाही. अंघोळीला मदत लागू द्या, पण अंघोळ कधी करायची, कोणतं लुगडं नेसायचं, आलेला पैसा कशावर घालायचा, लग्न करायचं की नाही, हे ती ठरवील. अमेरिकेत बर्कली गावी १९७२ मध्ये या विचाराचं पहिलं केंद्र निघालं. त्यात पुढे असलेल्या एड रॉबर्ट्स यांचं पोलिओमुळे मानेखालचं अंग हलत नव्हतं, श्वासालासुद्धा यंत्र लागायचं. तरी १९७५ मध्ये ते कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचे प्रमुख झाले.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं घ्या. सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुढे त्यांनी केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. दिव्यांग मुलामुलींसाठी वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करण्याचं काम, असा तिचा पसारा वाढला. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन गटात कुणीतरी मोठ्यानं वाचावं.

आता कायद्याकडे येऊ. देशभरच्या दिव्यांगांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा १९९५ चा कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०१६ चा. आधी सात प्रकार धरले जात, आता २१ आहेत. त्यातलं पाचवं कलम सांगतं, की दिव्यांग माणसाला समाजात, चारचौघांत राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही. तेरावं कलम तर आपण बायकांनी पाठच करावं. दिव्यांगालाही इतरांसारखाच जमीन-घर बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, स्वतःचा पैसा स्वतः सांभाळण्याचा हक्क आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचाच व्यवहारात स्वार्थ असेल, तर त्यानं त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं आहे. वाटणीच्या वेळी "तिचं आम्हीच बघतो की" म्हणून अंगठा घेणाऱ्या भावांना हे ऐकवलं पाहिजे. चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. लंगडी, मुकी म्हणून हाका मारणाऱ्यांनीही ऐकून ठेवावं.

राज्यात मोर्चे, उपोषणं चालूच आहेत. स्वतंत्र खात्याची मागणी जुनी होती, डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. निराधारच्या पगाराचंही तसंच. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी उपोषण केलं, त्यात दिव्यांगांना महिना ६ हजार द्या ही एक मागणी होती. सहा मिळाले नाहीत. पण संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले. औषध, तेलमीठ आणि तालुक्याला जायचं रिक्षाभाडं धरलं तर २५०० किती दिवस पुरतात, हा हिशेब गटातली कुठलीही बाई तोंडी करील. आणि ते पैसे आले तरी पासबुक कुणाच्या खिशात असतं, हेही पाहायला हवं.

मुंबईत ठरलेलं गावात आपोआप पोचत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आधी हा वाटा ३ टक्के होता. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची वसुली मिळून वर्षाला ४ लाख येत असतील, तर २० हजार रुपये यासाठी ठेवले पाहिजेत. काही ठिकाणी वर्षाअखेर थोडी थोडी रक्कम वाटून मोकळे होतात. त्यापेक्षा कुणाला काय हवं ते त्यांनाच विचारा. एखादीला शिलाई मशीन लागेल, एखादीला चाकाची खुर्ची, तर एखादी म्हणेल, संडासात धरायला दांडा बसवा एवढंच. हा दांडा फार महत्त्वाचा. संडासला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया आहेत.

प्रमाणपत्र नसेल तर आधी ते काढा. बहुतेक योजनांना ४० टक्क्यांची अट असते. नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी सरकारी दवाखान्यात. सोबत आपल्यातली एक जण गेली तर निम्मा घोर कमी होतो. बचत गटाचं म्हणाल, तर दिव्यांगांच्या गटाला दहा जणींची अट नाही, पाच जणांचाही चालतो आणि त्यात पुरुषही असू शकतात. पण वेगळा गट कशाला, आपल्याच गटात तिला घ्या, असं आमचं मत आहे. बैठक पायऱ्या नसलेल्या जागी ठेवा. ऐकू न येणारीला समोर बसवा, म्हणजे बोलणारीचं तोंड दिसेल.

पुढची ग्रामसभा होण्याआधी ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, की गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती निघाला आणि कुणावर खर्च झाला, याची माहिती सभेत वाचून दाखवावी. अर्जावर दिव्यांग बायांची स्वतःची सही किंवा अंगठा असू द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोहोच जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करा.